एल्डन रिंगला ९६ गुण आणि स्टीमवर ‘मिक्स्ड’: दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: ‘एल्डन रिंग’ या गेमला मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारं संकेतस्थळ) १०० पैकी ९६ गुण, पण गेम आला त्या दिवशी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान, जिथे खेळाडू वर किंवा खाली अंगठा देतात) शेरा ‘मिक्स्ड’, म्हणजे संमिश्र. २०२४ मध्ये ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हे डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडलेला विस्तार) आलं तेव्हाही तसंच झालं. मग समीक्षक विकले गेलेत, की खेळाडू उगाच रडतात? आणि पुढचा ओपन-वर्ल्ड (मोकळेपणी हिंडता येणाऱ्या जगाचा) फँटसी गेम घेताना ऐकायचं कोणाचं?

यातलं काहीच झालेलं नाही. दोन्ही बाजू बहुतांशी खरं बोलत होत्या, फक्त वेगवेगळ्या गोष्टीबद्दल. कुठलाही गुण किंवा अंगठा दिसला की आधी तीन गोष्टी विचारायच्या: कुठल्या मशीनवर, कुठल्या आवृत्तीवर आणि किती तास खेळून? हे तीन धागे जोडले नाहीत तर ९६ हा आकडा नुसता शोभेचा.

आधी समीक्षकांची बाजू. गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला, समीक्षा दोन दिवस आधी, २३ तारखेला खुल्या झाल्या. आयजीएन आणि गेमस्पॉटने दहापैकी दहा दिले, जपानच्या ‘फामित्सू’ने ४० पैकी ३९, पीसी गेमरने १०० पैकी ९०. मेटाक्रिटिकवर प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सची सरासरी ९६ वर स्थिरावली, पीसीची ९४ वर. आता एक बारकावा बघा. मेटाक्रिटिक प्रत्येक मशीनचं पान वेगळं ठेवतं आणि सगळ्यात जास्त समीक्षा प्लेस्टेशन ५ च्या पानावर होत्या. म्हणजे ज्या ९६ ची चर्चा जगभर झाली, तो आकडा मुळात कन्सोलचा. स्टीमवरचे सगळे शेरे मात्र पीसीचे. सोफ्यावर बसून कंट्रोलरने खेळणारा आणि टेबलावर ग्राफिक्स कार्डाशी झुंजणारा, या दोघांच्या हातात वेगळं काम होतं.

पीसीवर नेमकं काय बिघडलं होतं? सगळ्यात मोठी तक्रार होती अडखळण्याची, म्हणजे स्टटरची. सरासरी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० दिसतो, पण मध्येच एक फ्रेम अडकते. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातली एखादी फ्रेम शंभरावर गेली की डोळ्याला झटका बसतो. डायरेक्टएक्स १२ वर (विंडोजवर गेमला ग्राफिक्स कार्डाशी जोडणारी प्रणाली) एखादा नवा इफेक्ट पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा त्याचं शेडर (चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम) तुमच्या कार्डासाठी तिथल्या तिथे कंपाइल व्हावं लागतं, आणि हे काम गेमने आधी उरकून ठेवलं नसेल तर ऐन लढाईत ते डोकं वर काढतं. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्यामुळे तिथे शेडर आधीच तयार करून देता येतात. पण एवढंच कारण नव्हतं. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्रासाठी दुरुस्ती करताना स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीच्या अभियंत्यांना आढळलं की गेम काही ठिकाणी एकदम हजारो कमांड बफर (ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या सूचनांच्या याद्या) आणि तत्सम गोष्टी तयार करतो आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागाची दमछाक होते. त्यांनी त्या वाटपाचं कॅशिंग केलं, म्हणजे एकदा केलेलं वाटप जपून पुन्हा वापरलं, आणि काही दिवस तरी अशी गंमत झाली की हातात मावणाऱ्या स्टीम डेकवर गेम महागड्या पीसीपेक्षा कमी अडखळत होता.

बाकीच्या तक्रारी छोट्या, पण पीसीवाल्याला चीड आणणाऱ्या. फ्रेम रेट ६० वर बांधलेला. अल्ट्रावाइड मॉनिटरला आधार नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. कीबोर्ड-माउस घेऊन बसलं तरी सूचनांमध्ये मुळात कंट्रोलरचीच बटणं. या एकाही गोष्टीचा गेमच्या जगाशी, बॉसशी (वाटेत भेटणारे मोठे शत्रू), कथेशी संबंध नाही, पण १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी खाली अंगठा दिला तर त्याला रडका म्हणता येणार नाही.

कन्सोलवर तरी सगळं सुरळीत होतं असंही नाही. प्लेस्टेशन ५ वर फ्रेम रेटला प्राधान्य देणारा मोड निवडला तरी तो ६० वर टिकत नाही, मोकळ्या मैदानात खाली घसरतो. याचा ठाऊक झालेला उपाय म्हणजे प्लेस्टेशन ५ वर गेमची प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती चालवायची. चित्र थोडं मऊ दिसतं, पण गती जवळजवळ ६० वर पक्की राहते. मात्र सेव्ह फाइल ४ वरून ५ वर नेता येते, उलट येत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवा, चाळीस तासांनंतर नको. किती समीक्षांमध्ये हे शोधूनही सापडत नाही ते बघा, कारण दहापैकी दहा देताना ५० फ्रेमची कुरकूर कोणी मांडत बसत नाही.

आता समीक्षक कशावर भाळले, ते एका पेटीवरून सांगतो. सुरुवातीच्या लिमग्रेव्ह भागात अगील तलावाकाठी जळकी पडकी जागा आहे. तिथल्या तळघरात एक पेटी. उघडली की धूर येतो आणि तुम्ही थेट केलिड नावाच्या लाल, सडक्या प्रदेशातल्या खाणीत फेकले जाता. तिथले शत्रू एका फटक्यात लोळवतात आणि खाणीतून बाहेर पडेपर्यंत नकाशावरून उडी मारून परत येता येत नाही. जीव मुठीत धरून बाहेर आलात की समोर जे आभाळ दिसतं, त्यावरून कळतं की हे जग किती मोठं आहे. दुसरं उदाहरण मिस्टवूडच्या जंगलातल्या लिफ्टचं. ती खाली जाते, जातच राहते आणि उघडते तेव्हा जमिनीखाली ताऱ्यांनी भरलेलं आकाश असतं, सिओफ्रा नदी. नकाशावर याची कुठलीही खूण आधी नसते. खरं तर नकाशाचा कागदच तुम्ही जसे फिराल तसा मोठा होत जातो. त्या वर्षांतले बरेच ओपन-वर्ल्ड गेम मनोऱ्यावर चढा, पंचवीस चिन्हं उघडा, एकेक पुसा, या पद्धतीचे होते. वर्षाकाठी असे आठ-दहा गेम संपवावे लागणाऱ्या समीक्षकाला हे किती ताजं वाटलं असेल, हे लक्षात घ्यायला हवं. वर्षात एकच गेम घेणाऱ्याला तो कंटाळा आलेलाच नसतो, त्यामुळे ते कौतुक त्याच्यापर्यंत त्याच तीव्रतेने पोचत नाही.

तासांचा मुद्दा याहून नाजूक आहे. मुख्य कथा साधारण ६० तासांची, कोपरे-कोपरे पाहायचे तर शंभरच्या बराच पुढे. समीक्षकाला प्रकाशनाआधी मोजके दिवस मिळतात. ‘एल्डन रिंग’चे पहिले तीस-चाळीस तास हे त्याचं सगळ्यात बलवान अंग आहे: लिमग्रेव्ह, स्टॉर्मव्हेलचा किल्ला, लिउर्निया. शितावरून भाताची परीक्षा करायची तर हे शीत उत्तम शिजलेलं. पातेल्याच्या तळाला मात्र ‘माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्स’ आहे. तिथे प्रदेश मोकळा, ओसाड, आणि शत्रूंचा मार एकाएकी वाढतो. व्हिगर (पात्राचं आरोग्य ठरवणारा गुण) ४० ला असेल तर आरोग्य १४५० असतं, ६० ला १९००. तलवारीच्या हौसेपायी व्हिगर २५ वर ठेवून आलेला खेळाडू इथे दोन फटक्यांत आडवा होतो आणि गेम अन्यायी आहे असं लिहितो. अन्याय अर्धा गेमचा, अर्धा त्याच्या लेव्हलच्या वाटणीचा. पण एक तक्रार निखळ खरी आहे, ती पुनरावृत्तीची. गुहा आणि कॅटॅकोम्बमध्ये (जमिनीखालच्या दफनगृहांत) तेच बॉस पुन्हा भेटतात, कधी एकाच्या जागी दोन होऊन. अर्डट्री अवतार आणि व्रणांनी भरलेला वृक्षात्मा यांची गाठ इतक्या वेळा पडते की शेवटी नाव वाचूनच सुस्कारा निघतो. हे बऱ्याच समीक्षांमध्ये एका ओळीत उरकलेलं होतं. माझ्या मते ही त्या ९६ मधली सगळ्यात मोठी सूट आहे.

मलेनिया या बॉसचं प्रकरण वेगळं. तिचा फटका लागला की तिचं आरोग्य वाढतं, आणि तुम्ही ढालीवर अडवला तरी वाढतं. म्हणजे वर्षानुवर्षं ढाल पुढे करून सावध खेळायला शिकलेल्या माणसाची सवय इथे त्याच्याच मुळावर येते. ती ऐच्छिक बॉस आहे, तिला न हरवताही कथा संपते. म्हणून समीक्षा लिहिताना ती वाटेत आली नसण्याची शक्यता बरीच, आणि खेळाडूंच्या चर्चेत मात्र तीच सगळीकडे.

मग आवृत्तीचा धागा. मार्च २०२२ च्या मध्यावर १.०३ पॅच (गेममध्ये नंतर केलेली दुरुस्ती) आला. त्याने नकाशावर भेटलेल्या पात्रांच्या खुणा दाखवायला सुरुवात केली, अर्धवट सुटलेल्या काही पात्रांच्या कथांचे पुढचे टप्पे घातले, आणि त्याच वेळी मिमिक टिअर (मदतीला बोलावता येणारी तुमचीच प्रतिकृती) व होअरफ्रॉस्ट स्टॉम्प (बर्फाचा हल्ला) यांची ताकद कापली. फेब्रुवारीतली समीक्षा ‘मिमिक टिअर बोलवा, काम सोपं होतं’ म्हणत असेल, तर तो गेम आता अस्तित्वात नाही. ‘पात्रं कुठे गेली कळत नाही’ अशी तक्रार असेल तर तीही निम्मी जुनी झाली. शेवटच्या एल्डन बीस्टच्या लढाईत बॉस लांब पळायचा आणि त्याच्या मागे पायी धावावं लागायचं, यावर लोक दोन वर्षं बोटं मोडत होते. २०२४ मध्ये १.१२ पॅचने तिथे टोरंट हा घोडा बोलावण्याची सोय केली.

मार्च २०२२ मध्येच ट्विटरवर आणखी एक भांडण रंगलं होतं. मोठ्या स्टुडिओंमधल्या काही डेव्हलपरांनी गेमचा इंटरफेस आणि कामांची नोंदवही नसणं यावर टीका केली, आणि चाहते तुटून पडले. टीका चुकीची नव्हती. रॅनी या पात्राची कथा कुठल्याही मार्गदर्शकाशिवाय पूर्ण करणारा विरळाच. पण हे न सांगणंच त्या पेटीतल्या धुराचंही मूळ आहे. सगळं लिहून दिलं असतं तर लिफ्ट उघडल्यावर कोणी दचकलं नसतं.

‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ २१ जून २०२४ ला आलं. समीक्षकांची सरासरी पुन्हा नव्वदीच्या मध्यावर, स्टीमवर पुन्हा ‘मिक्स्ड’. या वेळी तक्रारी दोन होत्या आणि त्या वेगळ्या ठेवून वाचायला हव्यात. पहिली, अति अवघड. डीएलसीत जायला आधी राडान आणि मोग या दोन बॉसना हरवावं लागतं, त्यामुळे बहुतेक जण दीडशेच्या आसपासच्या लेव्हलला, ‘आपण आता तयार आहोत’ या समजुतीने येतात. पण इथे मार देण्याची आणि सोसण्याची ताकद मुख्यतः स्कॅडूट्री फ्रॅगमेंट नावाचे तुकडे गोळा करून वाढते. एकूण ५० तुकडे, त्यातून २० टप्पे. ते बहुतेक करून बॉसला हरवून नव्हे, तर मिकेलाचे क्रॉस आणि मारिकाचे पुतळे शोधून आणि डोक्यावर मडकं घेतलेल्या सावल्यांना मारून मिळतात. सरळ रस्त्याने बॉसकडे धावणारा तीन टप्प्यांवर असताना आठ टप्प्यांसाठी बेतलेल्या लढाईत पोचतो. मुख्य गेममध्ये शंभर तास घालवून ‘अडलास तर लेव्हल वाढव’ हे शिकलेल्या माणसाला कोणी ठसठशीतपणे सांगितलंच नाही की इथे नाणं बदललंय. पाच दिवसांत, २६ जूनला, पॅच आला आणि पहिल्या निम्म्या टप्प्यांचा फायदा वाढवण्यात आला. खेळाडूंची ओरड फुकट नव्हती याचा याहून सरळ पुरावा नको.

दुसरी तक्रार पुन्हा पीसीच्या गतीची. तिचं एक कारण मजेशीर निघालं. जुनी सेव्ह फाइल उघडल्यावर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या हुबेहूब दाखवणारं, मशीनला जड जाणारं सेटिंग) आपोआप चालू होत होतं. लोक नवं जग जड आहे म्हणून शिव्या घालत होते आणि सेटिंगमध्ये एक खूण नकळत लागलेली. माउस सांभाळणारी बाहेरची सॉफ्टवेअर मागे चालू असली तरी फ्रेम रेट डळमळतो, असंही त्या वेळच्या पॅचच्या टिपेत होतं. आजही अडखळत असेल तर आधी या दोन गोष्टी तपासा, मग ड्रायव्हर.

आता स्टीमचा शेरा कसा वाचायचा. स्टीमवर गुण नसतात, अंगठा असतो, आणि शेरा म्हणजे वर अंगठा देणाऱ्यांची टक्केवारी. ४० ते ६९ टक्के म्हणजे ‘मिक्स्ड’, ७० ते ७९ ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, पुरेशा समीक्षा असतील तर ८० पासून ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. दर तीन माणसांपैकी दोघांना गेम आवडला तरी शेरा ‘मिक्स्ड’च राहतो, हे ध्यानात धरा. ‘मिक्स्ड’ म्हणजे दहापैकी पाच असा हिशेब करू नका. समीक्षांच्या वर आलेख असतो. लाल पट्टी कुठल्या आठवड्यात उंच आहे ते बघून तिच्यावर क्लिक केलं की फक्त त्या काळातल्या समीक्षा दिसतात. प्रत्येक समीक्षेवर लिहिताना किती तास झाले होते ते असतं. दोन तासांच्या खाली लाल अंगठे दाटले असतील तर बिघाड तांत्रिक, कारण तेवढ्यात जगाबद्दल मत बनत नाही. चाळीस तासांच्या पुढे लाल वाढत असेल तर दोष रचनेत. एखादा गेम दोन्हीकडे लाल असेल तर किंमत अर्ध्यावर येईपर्यंत थांबायला काही हरकत नाही.

मेटाक्रिटिकची सरासरी भारित असते आणि कोणाला किती वजन हे ते जाहीर करत नाहीत. ओपनक्रिटिक साधी सरासरी काढतं. पाचपैकी चार तारे सरळ ८० होतात, मग ते लिहिणाऱ्याच्या मनात ८५ असो की ७६. शिवाय मेटाक्रिटिकवर गेमसाठी हिरवा रंग ७५ ला सुरू होतो, चित्रपटांसाठी ६१ ला. म्हणजे त्या संकेतस्थळानेच मान्य केलंय की गेमचे समीक्षक सढळ हाताने गुण देतात. ८२ गुणांचा गेम हा ८२ गुणांच्या सिनेमाएवढा चांगला, असं समजू नका.

समीक्षक कुठे खरोखर कमी पडतात त्याचं चोख उदाहरण ‘एल्डन रिंग’ नाही, ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आहे. २२ मार्च २०२४, समीक्षकांकडून ऐंशीच्या वर भरपूर गुण, स्टीमवर पहिल्याच दिवशी ‘मोस्टली निगेटिव्ह’. कारणं दोन. समीक्षेसाठी दिलेल्या आवृत्तीत पैसे देऊन घ्यायच्या छोट्या वस्तू समोर नव्हत्या, त्या प्रकाशनाच्या दिवशी दुकानात उगवल्या. आणि व्हर्नवर्थ शहरात शिरलं की गती कोसळायची. तिथली शेकडो पात्रं एकाच वेळी हिशेब करतात, भार प्रोसेसरवर येतो. त्यामुळे ग्राफिक्स कमी केले, रिझोल्यूशन उतरवलं तरी फरक पडत नाही. ‘माझं कार्ड चांगलं आहे’ हे तिथे उत्तरच नव्हतं. वस्तूंवरचा संताप थोडा फुगलेला होता, त्यातल्या बहुतेक गोष्टी खेळतानाही मिळतात. शहरातली गती हे खरं दुखणं. मशीन बदललं की निकाल किती बदलतो याचं टोकाचं उदाहरण ‘सायबरपंक २०७७’. डिसेंबर २०२० मध्ये आधी फक्त पीसीच्या प्रती वाटल्या गेल्या. आज मेटाक्रिटिकवर पीसी ८६ आणि प्लेस्टेशन ४ ५७ असे आकडे शेजारी उभे आहेत. सोनीने तर तो गेम आठवड्याभरात दुकानातूनच काढला होता.

तुमच्या प्रश्नाच्या व्यवहारी भागाकडे येतो. ‘एल्डन रिंग’ची किमान मागणी १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ३ जीबी आणि ६० जीबी जागा, शिफारस १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०७०. आपल्याकडे अजून बरेच लॅपटॉप ८ जीबीचे आहेत. गेम सुरू होईलही, पण घोड्यावरून वेगाने जाताना नवे भाग लोड होतील तिथे अडखळेल, आणि तुमचा अंगठाही लालच पडेल. आधी रॅम वाढवा, ग्राफिक्सचं नंतर बघू. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास पात्राचं नाक-डोळे घडवण्यात घालवू नका. तयार चेहरा निवडा, गुहेतून बाहेर पडा, समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसेल. त्याच्याशी लढू नका, तो तुम्हाला वळसा घालायला शिकवण्यासाठीच उभा आहे. वळसा घालून एल्लेच्या चर्चपर्यंत जा, पुढे गेटफ्रंटपर्यंत पोचून घोडा मिळवा, आणि अगील तलावाच्या दिशेने पूर्ण वेगाने सुटा. ड्रॅगन उतरेल तिथे इफेक्ट आणि लोडिंग एकदम येतं. तेवढ्यात तुमच्या मशीनवर गती टिकली तर पुढचे चाळीस तास बहुतेक टिकेल. नाही टिकली तर घड्याळ बघा, दोन तास झालेले नसतील.